गळ्यातील ग्रंथी आणि हृदयाचा स्नायू

हृदयविकार म्हटला की आपला हात छातीकडे जातो. गळ्याकडे जात नाही. आज मात्र आपणांस थोडा वेळ गळ्याकडेच लक्ष द्यावयाचे आहे. कंठमण्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. शास्त्रीय परिभाषेत ती अवटुग्रंथी. बोलताना आपण सारे तिला थायरॉइड म्हणतो. तिचे वजन सुमारे २० ग्रॅम, म्हणजे दोन तोळेही पुरते नाही. दिवसातून सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावणाऱ्या हृदयावर एवढ्याशा ग्रंथीची हुकमत चालावी, हे नवल खरे.

हा संबंध वैद्यांच्या ध्यानी आला तो रोग्यांकडे बारकाईने पाहिल्यामुळे. १८३५ साली डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी ग्रंथी सुजलेल्या काही स्त्रियांचे वर्णन केले. त्यांच्या छातीत विलक्षण धडधड होत असे. उलट, १९१८ साली हेर्मान झोंडेक या जर्मन वैद्यांनी ग्रंथी मंदावलेल्या रोग्यांत हृदय मोठे व सुस्त झालेले पाहिले, आणि ग्रंथीचा अर्क दिल्यावर ते पुन्हा लहान होते हेही दाखविले. ग्रंथी जागी झाली की हृदय धावते, ती पेंगुळली की हृदय रेंगाळते. असे का व्हावे?

ही ग्रंथी आपल्या अन्नातील आयोडीन वेचून घेते व त्यापासून दोन अंतःस्राव बनवते. पहिल्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. तो थायरॉक्सिन, म्हणजेच टी-४. दुसऱ्यात तीन, तो टी-३. रक्तात टी-४ पुष्कळ, परंतु यकृत, मूत्रपिंड इत्यादी ठिकाणी त्याचा एक अणू काढून टी-३ तयार होतो, आणि खरा कार्यकर्ता हाच. हृदयाच्या पेशीत शिरून तो थेट केंद्रकापर्यंत जातो आणि कोणती प्रथिने अधिक घडवावीत व कोणती कमी, याची आज्ञा देतो.

त्यांतील एका प्रथिनाची ओळख करून घेण्याजोगी आहे. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम मोकळे झाले की स्नायू आवळतो. परंतु आवळलेली मूठ सुटल्याखेरीज पुन्हा आवळता येत नाही. म्हणून ते कॅल्शियम उपसून पुन्हा कोठारात भरणारे पंप पेशीत असतात. टी-३ हे पंप वाढवतो. तो पुरेसा असला म्हणजे हृदय जोराने आवळते व चटकन सैल पडते. तो कमी पडला की पंपही कमी पडतात; हृदय सावकाश सैल होते आणि त्यात रक्त नीट भरत नाही. याखेरीज टी-३ मुळे नाडीचा वेग वाढतो व बारीक रोहिण्या सैलावतात. त्यामुळे हृदयापुढचा अडथळा कमी होऊन ते अधिक रक्त फेकू शकते.

मग हा स्राव जितका अधिक तितके बरे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. रात्रंदिवस चौखूर उधळलेला घोडा शेवटी थकतोच. स्राव फार वाढला की झोपेतही नाडी जलद चालते. कित्येकांत, विशेषतः वृद्धांत, हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. तेथे रक्त साकळून त्याची गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू! अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे साठीपुढील लोकांची दहा वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात टी.एस.एच. अतिशय कमी होते, त्यांना या थरथरीचा धोका सुमारे तिप्पट आढळला. टी.एस.एच. म्हणजे मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला दिलेली हाक. थायरॉइड आळसावली की ही हाक मोठी होते. स्राव जादा झाला की ती बंद पडते. म्हणूनच या तपासणीला एवढे महत्त्व.

आता आपल्या घरात पाहू. आजीबाई अलीकडे थकतात, थंडी सोसत नाही, नाडी मंद, पाय जड. "वय झालं, चालायचंच," असे म्हणून आपण मोकळे होतो. आजोबांचे वजन उतरते, हात कापतात, छाती धडधडते. त्याला आपण काळजी म्हणतो. दोन्ही ठिकाणी दोष वयाचा किंवा स्वभावाचा नसून गळ्यातील ग्रंथीचा असू शकतो, आणि रक्ताच्या साध्या तपासणीने तो कळू शकतो.

उपाय जुना आहे. १८९१ साली इंग्लंडातील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन एका स्त्रीवर उपचार केले. ती पुढे २८ वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या! आज तेच काम एक लहानशी गोळी करते. परंतु वृद्धांना व हृदयरोग्यांना डॉक्टर ती अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात, कारण सुस्तावलेले हृदय एकदम पळू लागले तर त्याला लागणारा प्राणवायू अरुंद रोहिण्या पुरवू शकत नाहीत. म्हणून बरे वाटले की गोळी आपणच बंद करणे, किंवा वजन उतरावे म्हणून शेजारणीची गोळी घेणे, हा हृदयाशी केलेला जुगार होय.

हृदयाची काळजी घेताना, श्रोतेहो, चार बोटे वर असलेल्या या ग्रंथीचाही विसर पडू देऊ नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.