रिगवर गेलेला माणूस आणि वाट पाहणारे घर

आमचे नांदगाव तसे समुद्राकाठचे नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावरचे, कणकवली तालुक्यातले हे गाव. तिठ्यावरून एक रस्ता देवगडकडे उतरतो आणि मग किनारा लागतो. तरीही समुद्र आमच्या घराघरांत आहे, तो नोकरीच्या रूपाने. कुणाचा मुलगा जहाजावर, कुणाचा जावई आखातात, कुणाचा भाऊ ‘रिगवर’. लग्नाची बोलणी करताना ‘मुलगा रिगवर आहे’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते. पगार चांगला, सुट्ट्या ठरलेल्या, घराला रंग लागतो, बहिणींची लग्ने होतात. पण रिग म्हणजे नेमके काय, तिथे संकट आले तर घराने काय करायचे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा लेख.

२७ जुलै २००५

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधले आणि देशाची मोठी गरज तिथून भागू लागली. याच क्षेत्रात ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ नावाचा अनेक मजली उत्पादन-मंच होता. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा, म्हणजे ओएनजीसीचा. शेजारीच विहीर खोदणारी ‘नोबल चार्ली यस्टर’ ही रिग उभी होती.

आदल्या दिवशी, २६ जुलैला, मुंबई पाण्याखाली गेली होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो हाच दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ‘समुद्र सुरक्षा’ हे मदत-जहाज मंचाजवळ आले. कारण साधे होते. जहाजावरच्या खानसाम्याची बोटे कापली होती आणि त्याला उपचारासाठी मंचावर पोहोचवायचे होते. क्रेनच्या टोपलीतून त्याला वर घेण्यात आले. त्यानंतर उसळत्या लाटांत जहाजावरचा ताबा नीट राहिला नाही आणि त्याचा हेलिकॉप्टर उतरण्याचा भाग मंचाच्या उभ्या नळांवर आदळला.

हे नळ समुद्रतळावरून तेल आणि वायू वर आणतात. त्यांना बंद करण्याच्या झडपा असतात, पण झडपेच्या खालच्या बाजूला नळ फुटला तर झडप मिटूनही उपयोग होत नाही. किलोमीटरच्या किलोमीटर लांबीच्या वाहिनीत भरलेला वायू त्या भोकातून येतच राहतो. तसेच झाले. वायूने पेट घेतला आणि साधारण दोन तासांत तो प्रचंड मंच समुद्रात कोसळला.

मंच, रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसे होती. त्यांतील ३६२ जणांना नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी वाचवले. मुंबईत पूर आणि वाईट हवामान असल्यामुळे हेलिकॉप्टरचे काम कठीण झाले होते. मंचावरच्या आठ जीवरक्षक नौकांपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या. जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद कोठडीत होते. त्यांना लगेच बाहेर काढता येत नव्हते, छत्तीस तासांनी त्यांची सुटका झाली. या रात्री ज्यांनी जिवावर उदार होऊन परक्याचा हात धरला, त्या सर्वांना अल्लाह जजा-ए-खैर देवो.

मृतांचा आकडा २२. त्यांपैकी अकरा जणांच्या मय्यती मिळाल्या, अकरा जण सापडलेच नाहीत.

जे सापडत नाहीत, त्यांचे घर

बातम्यांत २२ हा एकच आकडा येतो. घरात मात्र या दोन ‘अकरां’मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. ज्या घरात मय्यत येते तिथे गुसल, कफन, जनाजा, कबर होते. आई कबरीपाशी उभी राहून रडू शकते. ज्या घरात मय्यत येत नाही तिथे दार उघडेच राहते. फोन वाजला की सगळे दचकतात. शेजारी फातिहाला यावे की धीर द्यायला, हे त्यांनाही उमगत नाही. बायको इद्दतीला बसावी की वाट पाहावी?

आपल्या फिकहमध्ये अशा बेपत्ता माणसाला ‘मफकूद’ म्हणतात आणि त्याच्या पत्नीचा, मालमत्तेचा विचार आलिमांनी बारकाईने केला आहे. समुद्रातल्या दुर्घटनेत मृत्यूची खात्री पटली तर निर्णय वेगळा, नुसताच पत्ता नसेल तर वेगळा. म्हणून शेजारणींच्या सांगण्यावर न जाता जाणत्या आलिमांना सर्व हकीकत सांगून विचारावे. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहोत, आणि शाफई मसलकात समोर नसलेल्या मय्यतीची गायबाना नमाज जायज आहे. ती नमाज झाली की घराला निदान निरोप दिल्यासारखे वाटते. पाण्यात बुडून आणि आगीत जळून गेलेल्यांना शहीदांचा दर्जा मिळतो, हेही हदीसमधून आपल्याला माहीत आहे. दुःखी आईला याहून मोठा दिलासा कोणता?

देशाचा कायदाही जाणून घ्यावा. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो हयात नाही असे न्यायालय गृहीत धरू शकते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानुसार पतीचा चार वर्षे पत्ता नसेल तर पत्नी न्यायालयात जाऊ शकते. तो निकाल मिळाल्यावर सहा महिन्यांनी लागू होतो. मोठ्या दुर्घटनेत मात्र इतकी वर्षे थांबलेच पाहिजे असे नाही. २०१७ च्या ओखी वादळात केरळमध्ये बेपत्ता मच्छिमारांच्या कुटुंबांना सात वर्षे न थांबवता मदत देण्यात आली. हे उदाहरण लक्षात ठेवावे.

पुन्हा तेच पाणी

२००५ नंतर नियम कडक झाले. समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेसाठी २००८ साली वेगळे नियम आले. तरी १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. आदल्याच दिवशी आपल्या सिंधुदुर्ग किनाऱ्याने हे वादळ सोसले होते. बार्जवर २६१ माणसे होती, बरीचशी ठेकेदारांमार्फत आलेली. बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टग बोट मिळून ८० हून अधिक माणसे गेली. रायगड आणि वलसाडच्या किनाऱ्यांवर मय्यती लागल्या. कित्येकांची ओळख डीएनए तपासणीने पटवावी लागली, आणि तोवर आई-बाप, भाऊ मुंबईच्या रुग्णालयांतून नमुने देत फिरत होते.

किनाऱ्यावरचा हिस्सा

तेलाचे दुखणे फक्त रिगवर राहत नाही. मे १९९३ मध्ये मुंबई हायहून उरणला तेल आणणारी वाहिनी फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात गेले. पावसाळ्याआधी वारे फिरले की कोकण-गोव्याच्या वाळूत डांबराचे काळे गोळे लागतात. २०१३ साली गोव्यात लागलेल्या अशा गोळ्यांचा माग तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबई हायच्या तेलापर्यंत काढला. जहाजे टाक्या धुतात त्याचाही यात वाटा असतो. पायाला चिकटलेले डांबर रॉकेलने निघते, जाळ्याला लागलेले तसे सहज निघत नाही. रापण ओढणाऱ्याचा तो दिवस फुकट जातो, आणि भरपाई मागायची कुणाकडे हे त्याला कुणी सांगत नाही.

घरात एक फाईल असू द्या

आम्ही तरुणांना रिगवर जाऊ नका म्हणणार नाही. हलाल कमाईसाठी घाम गाळणे ही इबादतच आहे. पण तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, आधी दोरी बांधावी. म्हणून निघण्याआधी एवढे जरूर करा. कंत्राटाची प्रत, सीडीसी आणि पासपोर्टच्या प्रती घरी ठेवा. नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, ठेकेदाराचे नाव आणि पत्ता काय, हे बायकोला आणि वडिलांना माहीत असू द्या. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँकेत वारसाचे नाव लावा. लग्न झाल्यावर ते बदलायचे कित्येकजण विसरतात आणि मग सासर-माहेरात कायमचा दुरावा येतो. सुरक्षेचे प्रशिक्षण झाल्याशिवाय चढू नका. कुणाचे देणे असेल तर लिहून ठेवा, वसीयतही लिहून ठेवा.

आणि गावाने एक करावे. ज्या घराचा माणूस समुद्रावरून परतला नाही, त्या घरी चाळीस दिवसांनंतरही जावे. पहिल्या आठवड्यात गर्दी असते. खरी गरज दुसऱ्या वर्षी लागते, मुलांची शाळेची फी भरायची असते तेव्हा, कोर्टाची तारीख असते तेव्हा, आणि ईदच्या सकाळी.

अल्लाह आमच्या समुद्रावर असलेल्या प्रत्येक भावाला सुखरूप घरी आणो. आमीन.