संगणकाचे अंतरंग : लेखांक नववा
एसएमपीएस बदलण्यापूर्वी

गेल्या लेखांकात ग्राफिक्स कार्डाच्या निवडीचे विवेचन झाले. त्या कार्डाला लागणारी वीज कोठून यावयाची, हा प्रश्न आता ओघानेच पुढे येतो. मोठमोठ्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेले डेल, एचपी, लेनोवो या कंपन्यांचे डेस्कटॉप संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून अल्प किमतीस मिळतात, आणि बेताची ऐपत असलेल्या विद्यार्थ्याला तर ते मोठेच वरदान होय. अशा यंत्रातील मूळ एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरविणारी पेटी, पुष्कळदा अडीचशे-तीनशे वॅटचा असतो. तो काढून बाजारातला पाचशे वॅटचा बसवावा, असा विचार नवे कार्ड घेणाऱ्याच्या मनात सहजच येतो. या विचारात मुळात गैर काही नाही. परंतु वॅटचा आकडा हा या प्रकरणातला पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न जोडणीचा आहे, आणि त्याचा निकाल लावल्यावाचून जो खरेदीस निघतो त्याचा एसएमपीएसच नव्हे, तर प्रसंगी मदरबोर्डही हातचा जातो.

इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचे मानक प्रसिद्ध केले, तेव्हापासून सुट्या भागांतून संगणक जुळविणाऱ्याला एक मोठी निश्चिंती लाभली. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, तांबडीत ५, नारिंगीत ३.३, काळी ती शून्याची, यंत्र सुरू करण्याचा हुकूम हिरव्या तारेने जावयाचा आणि यंत्र बंद असतानाही जागता राहणारा ५ व्होल्टचा दाब जांभळ्या तारेतून यावयाचा, असा सर्व बंदोबस्त त्या मानकाने ठरवून दिला. पुढे वीस पिनांच्या चोवीस झाल्या, तरी व्यवस्था तीच राहिली. मात्र मानक म्हणजे कायदा नव्हे. जी कंपनी मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस हे तिन्ही स्वतःच्याच देखरेखीखाली करवून घेते, तिला दुसऱ्याशी जुळवून घेण्याची निकड नसते. त्या तीन भागांत आपापसांत झालेला खाजगी करार तिला पुरेसा होतो.

अशा खाजगी कराराचे सर्वांत घातक उदाहरण डेलनेच घालून दिले. १९९८ च्या सुमारापासून काही वर्षे या कंपनीच्या अनेक डेस्कटॉप संगणकांत वीस पिनांची जोडणी दिसावयास हुबेहूब एटीएक्सची होती, पण आतल्या तारांचा क्रम निराळा होता, ३.३ व्होल्टच्या तारा तर मुख्य जोडणीतून काढून सहा पिनांच्या एका वेगळ्या जोडणीत नेलेल्या होत्या. बाजारातला निर्दोष एसएमपीएस आणून बसवावा, खटका व्यवस्थित अडकावा, आणि विजेचे बटण दाबताच एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा दोन्ही जळून जावेत, हा त्याचा परिणाम. आकार सारखा ठेवून अर्थ बदलणे हा ग्राहकावर अन्याय होता, असे मी निःसंकोच म्हणतो. वेगळी व्यवस्था हवीच होती, तर निदान तिचा साचा तरी वेगळा करावयास हवा होता.

या दृष्टीने पाहता अलीकडची यंत्रे अधिक प्रामाणिक आहेत. २०१३ साली आलेल्या डेलच्याच ऑप्टिप्लेक्स ९०२० चे कॅबिनेट उघडून पाहिले, तर चोवीस पिनांची रुंद जोडणी तेथे नाहीच. आठ पिनांची एक आखूड जोडणी आणि प्रोसेसरसाठी चार पिनांची दुसरी, एवढाच पसारा दिसतो. येथे एसएमपीएस केवळ १२ व्होल्ट पुरवितो, ५ आणि ३.३ व्होल्ट मदरबोर्ड स्वतः तयार करतो, आणि हार्ड डिस्कची वीजही मदरबोर्डावरूनच तारेने जाते. यंत्र नुसते चालू असून काम फारसे नसते अशा वेळी, म्हणजे कचेरीतल्या संगणकाच्या बहुतेक आयुष्यात, या रचनेने वीज वाचते. पुढे इंटेलनेही हाच मार्ग स्वीकारून दहा पिनांचे एक नवे मानक काढले. लेनोवोच्या अनेक यंत्रांत चौदा पिनांची जोडणी असते, एचपीची तऱ्हा आणखी निराळी. यांपैकी कोणतीही जोडणी साध्या एसएमपीएसला बसत नाही, हा ग्राहकाचा तोटा दिसतो खरा, परंतु जे बसतच नाही ते निदान जाळीत तरी नाही.

यावर उपाय म्हणून अडॅप्टरची आखूड तार मिळते. ती घेताना एक गोष्ट बारकाईने पाहावी. साध्या एसएमपीएसचा जागता दाब ५ व्होल्टचा, तर ऑप्टिप्लेक्सच्या या मदरबोर्डाला तो १२ व्होल्टचा हवा. म्हणून चांगल्या अडॅप्टरमध्ये दाब चढविणारी लहानशी पट्टी बसविलेली असते. तशी तजवीज नसलेली स्वस्त तार घेऊ नये.

आता वॅटचा हिशेब. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते, सहा पिनांच्या जादा जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. उपरोक्त ऑप्टिप्लेक्सच्या टॉवर नमुन्यात मूळ एसएमपीएस २९० वॅटचा आहे. त्यातला आय-५ प्रोसेसर ८४ वॅटचा धरला, जादा जोडणी न लागणारे जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचे कार्ड धरले, आणि डिस्क, पंखे व मदरबोर्ड यांना सढळ हाताने वाटा दिला, तरी बेरीज २०० च्या आसपासच राहते. अशा वेळी एसएमपीएस बदलण्याचे प्रयोजनच उरत नाही. शिवाय बाजारातल्या डब्यावरचा पाचशेचा ठळक आकडा वाचून भुलू नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली १६ अँपिअर छापले असतील, तर त्या रकान्यातून मिळणार १९२ वॅट, आणि प्रोसेसर व कार्ड यांची मुख्य भूक भागते ती याच रकान्यातून.

बदल करणे अपरिहार्यच असेल, तर प्रथम माप घ्यावे. साधा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो. चपट्या कॅबिनेटात तो मावतच नाही. मागील बाजूस दाब निवडण्याचा तांबडा खटका असल्यास तो २३० वरच आहे याची खातरजमा करावी, कारण आपल्याकडे तो ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी आतला भाग फुटतो. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही सबबीवर उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. घरातल्या सॉकेटचे अर्थिंगही पाहून घ्यावे. कॅबिनेटाच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येतात अशी तक्रार जुन्या घरांतून वारंवार ऐकू येते. तिचे मूळ बहुधा तुटलेल्या अर्थिंगमध्ये असते, आणि नवा एसएमपीएस बसवून ती जात नाही.

नवा एसएमपीएस मदरबोर्डाला जोडण्याआधी, प्लग काढलेला असताना, चोवीस पिनांच्या जोडणीतली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी जोडावी, एक पंखा किंवा जुनी डिस्क भार म्हणून लावावी आणि मग वीज सोडावी. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेचा दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान आला पाहिजे. तांबडी आणि नारिंगी तारही त्याच पाच टक्क्यांच्या मर्यादेत असावी. तसे नसेल तर पावती घेऊन सरळ दुकानाची वाट धरावी. मोजणी बरोबर आली तर प्लग काढून, हिरवी तार मोकळी करून जोडणीस आरंभ करावा. नव्या कार्डाने कॅबिनेटात वाढणाऱ्या उष्णतेचा विचार पुढील लेखांकी करू.