बाजारातली जागा कुणाच्या नावावर?

दिंद्रुडच्या बाजारात वांगी-मिरची घेऊन बसणाऱ्या शेतकऱ्याला, नाहीतर बांगड्या मांडणाऱ्या बाईला परवान्याचं विचारून पाहा. सासऱ्यापासून हीच जागा आहे, असंच बहुधा ऐकायला मिळेल. जागा जुनी खरी, पण कागद कुठाय?

खेड्यातल्या बाजारावर ग्रामपंचायतीचा अधिकार चालतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ प्रमाणे तिला बाजार फी बसविता येते. वसुलीचा गुत्ता हर्रासीनं देता येतो. मात्र गुत्तेदाराला मिळतो तो वसुलीचा हक्क. मनाला येईल तो दर लावण्याचा किंवा जागा विकण्याचा नव्हे.

तीच पाटी घेऊन तुम्ही माजलगावला गेलात की कायदा बदलतो. तिथे नगर परिषद असल्यानं २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. सर्वेक्षणात नाव आलेल्याला विक्री प्रमाणपत्र मिळतं. घरच्या माणसाला धंद्यावर बसविता येतं, पण प्रमाणपत्र भाड्यानं देता येत नाही. घरधनी वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर मुदत संपेपर्यंत पत्नी किंवा अवलंबून असलेलं मूल धंदा चालवू शकतं. जागेवरून हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. जप्त केलेला नाशवंत माल, शुल्क भरल्यावर, त्याच दिवशी परत द्यावा लागतो.

हे संरक्षण गावच्या बाजाराला नाही. इथं वहिवाट हाच आधार. म्हणूनच भावकीत वाटण्या झाल्या, किंवा बाई एकटी पडली, की जागेवरून कटकट सुरू होते.

तेव्हा शेतकरी बांधवांनो, पैसे दिले की तारीख आणि रक्कम घातलेली पावती घ्या आणि जपून ठेवा. वजनकाट्यावर पडताळणीचा शिक्का असू द्या. भजी-चहाचा गाडा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे. आपला माल आवाराबाहेर विकायला समितीचा परवाना लागत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनीही एवढं करावं : फीचे दर फलकावर लावावेत, हर्रासीच्या अटी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात आणि बैठकीच्या जागांची नोंदवही ठेवावी. त्या वहीत बसणाऱ्या बाईचंही नाव असावं. रस्ता मोकळा ठेवायचाच आहे, पण कुणाला उठवायचं तर आधी दुसरी जागा आखून द्यावी. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. ठराव झाला तरच उद्या दाखवायला कागद राहील.