‘ओरिजिनल’ ब्लॉक : जुन्या जीपगाडीच्या एंजिनासंबंधी एक टिपण

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील व्यवसायविशिष्ट शब्दांची टिपणे करीत असता मुरबाडजवळच्या एका गॅरेजात एकाच शब्दावरून चाललेला वाद ऐकण्याचा योग आला. शब्द ‘ओरिजिनल’ हा होता व वादाचा विषय 1968 साली नोंदलेल्या एका सीजे-3बी जीपगाडीचा एंजिन-ब्लॉक. गाडी मालकाच्या वडिलांची. मूळचे पेट्रोल एंजिन काढून त्यांनी पुढे डिझेल एंजिन बसविले होते. मूळ ब्लॉक गोठ्याच्या वळचणीस पडून होता, आणि तिसरा एक ब्लॉक कुर्ल्याच्या भंगारबाजारातून विक्रीस आला होता. मालक गोठ्यातल्या ब्लॉकाला ओरिजिनल म्हणत होते. मिस्त्रींचे म्हणणे, “भाऊ, ओरिजिनल तर ह्यो कुर्ल्याचा. ह्याला अजून बोअर मारलेलाच नाय.” विक्रेता मात्र ‘ओरिजिनल’ म्हणताना एवढेच सांगत होता की, माल नकली नाही. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. तथापि एका शब्दाखाली तीन निरनिराळे प्रश्न दडले होते, आणि जुन्या गाडीसाठी ब्लॉक निवडणे म्हणजे हे तीन प्रश्न वेगळे करणे होय.

ब्लॉक म्हणजे एंजिनाचा बिडाचा ओतीव सांगाडा. सिलिंडर, पाणी खेळण्याच्या पोकळ्या, क्रँकशाफ्टच्या बैठका हे सारे त्यातच असते. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे बदलता येतात. ब्लॉक बदलला की एंजिनच बदलले असे मानावे लागते. अमेरिकेत 1960 ते 1975 च्या सुमाराच्या दणकट मोटारी पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींत ब्लॉकाच्या निवडीचे मोठे शास्त्रच झाले आहे. शेव्हरलेच्या 1955 सालच्या लहान व्ही-आठ ब्लॉकाचा वंश घ्यावा की 1965 पासूनचा मोठा, क्रँकची बैठक दोन बोल्टांची की चारांची, ब्लॉकावरील क्रमांक गाडीशी जुळतो की नाही, यावर तेथे किंमत ठरते. आपल्याकडे तशा मोटारी विरळा. ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात त्यांची जागा जीपने घेतली. मुरबाडला रेल्वे नाही. आसनगाव, खर्डी, कसारा या स्थानकांपासून आत डोळखांब, किन्हवली, धसई, टोकावडे या बाजूंस माणसे नेली ती बहुधा एस.टी.ने आणि जीपने. म्हसेच्या जत्रेला जीपच्या टपावर बसून गेल्याच्या आठवणी सांगणारे अजून भेटतात.

महिंद्रांनी 1947 पासून विलीज जीप भारतात आणली. युद्धकालीन जीपचे एंजिन 134 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 2200 घनसेंटिमीटरचे. त्याच्या सर्व झडपा ब्लॉकातच बाजूला बसविलेल्या. सीजे-3बी मध्ये त्याच बोअरचे व त्याच स्ट्रोकचे ‘हरिकेन’ एंजिन आले. यात हवा आत घेणारी झडप वर हेडमध्ये गेली व धूर सोडणारी ब्लॉकातच राहिली. एंजिन उंच झाल्यामुळे गाडीचे बॉनेटही उंच करावे लागले; 3बी दुरून ओळखू येते ती त्यामुळेच. दोन्ही ब्लॉक वरवर सारखे दिसतात, परंतु जुन्या बाजूझडपी ब्लॉकावर हरिकेनचे हेड बसत नाही. भंगारबाजारातील खरेदीत फसगत होते ती येथे. म्हणून विक्रेत्याच्या अर्थाने ‘ओरिजिनल’ असलेला ब्लॉक या गाडीच्या जातीचा आहे काय, हा पहिला प्रश्न. हेड सोबत नेऊन तो जाग्यावर ठेवून पाहणे याहून उत्तम उपाय मला तरी दिसला नाही.

दुसरा प्रश्न मिस्त्रींचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. त्यांच्या बोलीत ‘ओरिजिनल’ म्हणजे ज्याचे सिलिंडर एकदाही कापलेले नाहीत तो. हरिकेनचा मूळ बोअर 3.125 इंच. झीज झाली की लेथवाला तो मोठा करतो व त्या मापाचा पिस्टन घालतो. ‘वीसचा पिस्टन’, ‘चाळीसचा पिस्टन’ हे शब्दप्रयोग इंचाच्या हजारांशाचे, म्हणजे ‘थाऊ’चे आहेत. प्रत्येक कापणीबरोबर सिलिंडरची भिंत पातळ होते. तेव्हा चाळीसपर्यंत गेलेला ब्लॉक पुढच्या कापणीस पुरेल याचा भरवसा नाही. मग लाइनर बसवून पुन्हा मूळ मापावर यावे लागते. तसे करण्यात कमीपणा काही नाही, खर्च मात्र आहे.

परंतु ‘बोअर मारलेलाच नाय’ हे ऐकून भागत नाही; मापून पाहावे लागते. सिलिंडर झिजतो तो सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेची धाव जेथे संपते तेथे झीज अधिक, तळाशी कमी. शिवाय पिस्टनचा रेटा ज्या बाजूंवर पडतो त्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या आडव्या, दिशेने अधिक. त्यामुळे वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे लागते. एका सिलिंडरची सहा मापे, चारांची चोवीस. कुर्ल्याच्या ब्लॉकाची ती घेतल्यावर असे दिसले की, तो कापलेला नव्हता हे खरे, परंतु दोन सिलिंडर इतके लंबगोल झाले होते की कापणी अटळ होती. न कापलेला आणि न झिजलेला या दोन गोष्टी एक नव्हेत. मिस्त्रींनीच ती मापे पाटीवर खडूने लिहून काढली व मग काही वेळ ते गप्प राहिले.

तडा हा याहून कठीण विषय. थंड देशांत ब्लॉकातील पाणी गोठून तो फुटतो. आपल्याकडे गोठण नाही, घाट आहेत. माळशेज किंवा कसारा चढताना पाणी उकळते, चालक गाडी थांबवून जवळच्या ओढ्याचे गार पाणी त्या तापलेल्या एंजिनात ओततो, आणि बीड एका जागी एकाएकी आकसते. या जातीच्या ब्लॉकात धुराची झडप ब्लॉकातच असल्याने तिची बैठक व सिलिंडर यांमधील अरुंद पट्टी विशेष तापते. तडा पुष्कळदा तेथेच पडतो. तो ओळखण्याची गॅरेजातील रीत साधी आहे: जागा स्वच्छ करून रॉकेल लावावे, पुसून कोरडी करावी व वर खडूची भुकटी घासावी. तड्यात मुरलेले रॉकेल पुन्हा वर येऊन खडूवर रेघ उमटविते. पाण्याच्या पोकळीतील आतला तडा यात सापडत नाही. त्यासाठी भोके बंद करून ब्लॉक पाण्यात बुडवावा व आत हवेचा दाब द्यावा. गोठ्यातल्या ब्लॉकावर तिसऱ्या सिलिंडरपाशी अशी बारीक रेघ निघाली. बिडावर वेल्डिंग हे नाजूक काम. एका जागी तापविले की शेजारी नवा तडा जातो. परंतु बैठकीपाशी पडलेला तडा सिलिंडरमध्ये लाइनर व झडपेस नवी कडक बैठक बसवून बहुधा आवरता येतो.

तिसरा प्रश्न मालकाचा. त्यांच्या लेखी ओरिजिनल म्हणजे ज्या ब्लॉकाचा क्रमांक वडिलांच्या नोंदणीपुस्तकात होता तो. याला भावना म्हणून सोडून देता येणार नाही, कारण कायदाही हेच विचारतो. एंजिन बदलले की 1988 च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणे नोंदणी-अधिकाऱ्याची संमती व पुस्तकात नोंद लागते. शिवाय 2021 साली केंद्रीय नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो; मात्र ती मूळ स्वरूपात हवी, सांगाड्यात, बॉडीत वा एंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. तसा क्रमांक घेतल्यावर गाडी नित्याच्या वा व्यापारी कामास रस्त्यावर आणता येत नाही.

डिझेलची बाजू दुबळी नव्हती. 1973 नंतर पेट्रोल महागले तेव्हा पुष्कळांनी हा मार्ग धरला. पुढे महिंद्रांनी स्वतःच प्यूजोचे 2112 घनसेंटिमीटरचे डिझेल एंजिन जीपमध्ये दिले. कसाऱ्याचा घाट चढला की लागणाऱ्या इगतपुरीस त्यांचा एंजिनांचा कारखाना आहे. गाडी रोज शेतावर न्यावयाची असती तर मी निःसंकोच डिझेल राहू द्या म्हटले असते. ज्यांना भात आणि खताच्या गोण्या वाहावयाच्या आहेत त्यांनी क्रमांकाच्या मागे लागणे हा केवळ खर्चिक छंद होय. परंतु मालकांना ती वडिलांच्या वेळी होती तशी हवी होती, आणि शेतकामासाठी त्यांच्याकडे दुसरी गाडी होती.

हे ठरल्यावर कुर्ल्याचा ब्लॉक मागे पडला. कापणी त्यालाही लागणार होती, आणि वर क्रमांकही परका. राहिली एकच शंका: गोठ्यातला ब्लॉक खरोखर तोच आहे काय? या एंजिनांचा क्रमांक ब्लॉकाच्या पुढच्या अंगास, पाण्याचा पंप बसतो त्या उंचवट्यावर कोरलेला असतो. त्यावर रंगाचे थर व शेणमातीचे पापुद्रे होते. मिस्त्रींनी रॉकेलाचा बोळा फिरविला, मालकांनी जुने पुस्तक उजेडात धरले, आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडला गेला. शेवटचा आकडा जुळल्यावर मिस्त्री म्हणाले, “भाऊ, तुमचाच ओरिजिनल,” आणि लाइनरसाठी ब्लॉक कल्याणला कोणत्या दिवशी न्यावयाचा ते विचारू लागले.