यूजर स्टोरी म्हणजे काय आणि तिचे टास्क कसे पाडायचे?

मोबाइलमधलं एखादं ॲप अपडेट होतं, तेव्हा त्यामागे कुठल्यातरी टीमने छोट्या छोट्या कामांची यादी संपवलेली असते. ही यादी बनते कशी, ते आज आपल्या वऱ्हाडातल्या उदाहरणावरून पाहू.

समजा, आपल्याला तुरीच्या भावाचं ॲप बनवायचं आहे. अजाइल पद्धतीत सुरुवात यूजर स्टोरीने होते. म्हणजे वापरणाऱ्याची गरज, त्याच्याच भाषेत, एका वाक्यात:

“शेतकरी म्हणून मला अकोला आणि अमरावती बाजार समितीतला तुरीचा ताजा भाव पाहायचा आहे, म्हणजे माल कुठे न्यायचा ते ठरवता येईल.”

१९९० च्या दशकाच्या शेवटी केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगमधून ही कल्पना पुढे आली.

आधी स्टोरी लहान करा

नवीन टीम बहुतेक वेळा थर पाडते: आधी पूर्ण डेटाबेस, मग सर्व्हर, शेवटी स्क्रीन. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किमीचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्त्याला हे जमतं, कारण कुठून कुठे जायचं ते आधीच पक्कं असतं. ॲपमध्ये गरजा बदलत राहतात. तीन आठवडे नुसता डेटाबेसच बनवला, तर तोवर शेतकऱ्याच्या हातात काहीच पडत नाही, आणि आपलं काही चुकतंय हेही उशिरा कळतं.

म्हणून असे तुकडे करा, की प्रत्येक तुकडा वापरता येईल:

१. फक्त अकोल्याचा तुरीचा भाव दिसणे
२. शेजारी अमरावतीचा भाव दिसणे
३. भाव वाढला की सूचना येणे

मग टास्क पाडा

पहिल्या तुकड्याचे टास्क असे:

- ॲगमार्कनेट या सरकारी साइटवरचा भाव मिळवणे
- किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव साठवणे
- भाव प्रति क्विंटल, तारखेसह स्क्रीनवर दाखवणे
- नेट नसेल तर शेवटचा भाव त्याच्या तारखेसह दाखवणे
- स्वस्तातल्या फोनवर, उन्हात स्क्रीन वाचता येते का ते तपासणे

एक टास्क एका माणसाकडून अर्ध्या ते एका दिवसात व्हावा. त्याहून मोठा वाटला तर अजून फोडा.

यात तारखेचा टास्क किरकोळ वाटतो, घाईत तोच सुटतो. पण जुना भाव आजचा समजून कोणी भाड्याच्या गाडीत तूर भरून निघाला, तर भुर्दंड त्याला बसतो, आपल्याला नाही. म्हणून टास्क पाडताना नेहमी विचारा: ही स्क्रीन वापरणाऱ्याची फसगत कधी करू शकते?

स्टोरी की टास्क?

सोपी कसोटी आहे. “हे काम झाल्यावर शेतकऱ्याला काय मिळालं?” याचं सरळ उत्तर असेल तर ती स्टोरी. “अजून काही नाही, पण याच्याशिवाय पुढचं अडेल” असं उत्तर आलं, तर तो टास्क.

आणि सगळ्या टास्कवर टिक लागली म्हणजे स्टोरी झाली असं नाही. शेतकऱ्याला भाव दिसला आणि तो कोणत्या दिवसाचा आहे हेही कळलं, तेव्हाच ती झाली म्हणायची.