दमेकरी मूल आणि बेनांवाची पुडी

कोयनानगरास पाऊस लागला म्हणजे तो पंधरवड्यांच्या हिशेबानेंच मोजावा लागतो. वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी ज्या खोऱ्यांत पडतें, तेथें आषाढांत गोधड्या वाळत नाहींत, भिंतींस ओल येते व कपाटांतील पुस्तकांवरहि बुरशी चढते. ह्याच दिवसांत आमच्या धाकट्या बंधूंच्या सात वर्षांच्या मुलाचा दमा उसळतो. रात्रीं त्याच्या छातींतून शीळ वाजूं लागली कीं सारें घर जागें होतें, आणि उजाडतांच औषधांची चर्चा सुरू होते.

एकत्र कुटुंबांत वैद्यांस काय तोटा! आमच्या मातोश्रींचा भरंवसा अडुळशाच्या काढ्यावर. काकांचें म्हणणें, मृगाच्या दिवशीं हैदराबादेस जिवंत मासोळींतून औषध देतात, शाकाहारी लोकांस तें गुळांतून मिळतें, तेथें न्यावें. कोणी कोजागरीच्या रात्रीं खिरींतून मिळणारें औषध सुचविलें. डॉक्टरांनीं दिलेला इन्हेलर मात्र कोणासच रुचेना. त्याची म्हणे सवय लागते!

अखेर गेल्या वर्षीं एका परिचितांनीं एक पांढरी पुडी आणून दिली. गुण असा आला कीं आम्ही थक्क झालों. मूल शांत झोपूं लागलें, भूक वाढली, चेहरा गोल झाला. तीन महिने इन्हेलर फडताळांत पडून राहिला. पुढें पुडी संपली, आणि थोड्याच दिवसांत एका रात्रीं मुलाचे ओंठ निळे पडले. भर पावसांत पाटणावरून कऱ्हाड गाठेपर्यंत त्याची आई त्यास बसतें धरून होती. तेथील डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न केला, "पुडींत काय होतें?" त्याचें उत्तर आम्हां शिकल्यासवरल्या माणसांपैकीं एकाजवळहि नव्हतें.

असल्या बेनांवाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलें तपासणींत आढळलेलें आहे. तें पोटांतून बरेच दिवस गेलें म्हणजे शरीर स्वतःचें तत्सम द्रव्य निर्माण करणें कमी करतें, आणि पुडी एकाएकीं थांबली कीं मूल संकटांत सांपडतें. इन्हेलरमध्येंहि बहुधा ह्याच जातीचें औषध असतें. परंतु त्याची मात्रा मायक्रोग्रॅमांत मोजलेली असते व तें थेट श्वासनलिकेंत जाऊन तेथील सूज उतरवितें. म्हणजे ज्यास भिऊन आम्ही इन्हेलर टाकला, तेंच कदाचित् न मोजतां, न जाणतां मुलास चारीत होतों.

घरीं आल्यावर आम्हीं चरकसंहिता काढली. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायांत तमकश्वासाचें वर्णन आहे. धूळ व धूर हीं कारणें तेथें सांगितलीं आहेत. ढग, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा ह्यांनीं विकार वाढतो, आणि रोग्यास निजवत नाहीं, बसल्यानें बरें वाटतें, हेंहि आहे. जणूं आमच्याच घरची रात्र! मुख्य म्हणजे हा रोग "याप्य" म्हटला आहे. नवा असतां तो साध्य होऊं शकतो. एरव्हीं नित्य उपचारांनीं आटोक्यांत ठेवावयाचा. आजचे डॉक्टरहि तेंच सांगतात. तेव्हां "मुळासकट उपटून देतों" म्हणणारा मनुष्य डॉक्टरांच्या नव्हे, चरकाच्याहि विरुद्ध बोलत असतो.

ह्याचा अर्थ जुनें सारें टाकाऊ असा नव्हे. अडुळशांतील वासिसीन ह्या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारें ब्रोमहेक्सीन निघालें. पण कफ पातळ होणें निराळें आणि दम्याची सूज उतरणें निराळें. श्वसनाच्या अभ्यासाचेंहि तसेंच. लोणावळ्यास 1924 सालीं स्वामी कुवलयानंदांनीं स्थापिलेल्या कैवल्यधामानें योगाचा शास्त्रीय दृष्टीनें अभ्यास आरंभिला. दमेकऱ्यांस योगाचा उपयोग होतो, असें 1985 सालीं प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या प्रयोगांतहि दिसलें. तथापि धाप लागलेल्या मुलास प्राणायाम सांगत बसणें हा अविचार होय.

म्हणून आम्हीं घरांत चार नियम केले आहेत. डॉक्टरांस विचारल्यावांचून इन्हेलर बंद करावयाचा नाहीं. ज्याच्या वेष्टनावर घटकांचीं नांवें नाहींत, तें औषध मुलाच्या पोटांत जावयाचें नाहीं. काढा असो वा गोळी, देतों तें सारें डॉक्टरांस व वैद्यांस सांगावयाचें. आणि मुलाच्या खोलींत ओली गोधडी, धूप व उदबत्ती नको.

यंदाच्या आषाढांत त्यास दोनदां त्रास झाला. पण कऱ्हाडची वाट धरावी लागली नाहीं. मातोश्री अजून सकाळीं काढा उकळतात. मात्र वाटी पुढें करण्यापूर्वीं नातवास विचारतात, "इन्हेलर घेतलास ना? मग आधीं चूळ भर."