मोबदला वाढला, विचारणा राहिली

गावाच्या शिवारातून महामार्ग किंवा धरण जाणार असले की गावाला त्याचा पत्ता सगळ्यांत शेवटी लागतो. आधी बांधावर अनोळखी माणसे यंत्र लावून उभी दिसतात. मग शेतात खुणेचे दगड रोवले जातात. त्यानंतर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गट नंबरांची लांबलचक यादी छापून येते आणि एके दिवशी संयुक्त मोजणीची नोटीस हातात पडते. मोजणीला भूकरमापक, तलाठी आणि प्रकल्पाची माणसे येतात. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, आंब्याची झाडे हे सारे तक्त्यात चढते. बागायत किती, जिरायत किती, पोटखराबा किती, हेही लिहिले जाते. शेतकरी मागे मागे फिरतो आणि सुटलेले झाड दाखवतो. मात्र जमीन द्यायची आहे की नाही, हे लिहायला त्या तक्त्यात रकाना नसतो.

भूसंपादनाच्या कायद्याचा शंभर वर्षांचा इतिहास या न छापलेल्या रकान्याभोवती फिरतो. या काळात मोबदला वाढला, आणि तो भांडून वाढवून घेतलेला आहे. जमीनधारकाला आधी विचारण्याची गोष्ट मात्र दोन पावले पुढे गेली आणि दीड पाऊल मागे आली.

मुळशी ते उरण

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी खोऱ्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. वीज मुंबईला हवी होती, जमीन मावळची बुडणार होती. सरकारच्या हातात 1894 चा भूसंपादन कायदा होता आणि त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेण्याचीही सोय होती. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा संपादनालाच हरकत घेण्याचा अधिकार त्या कायद्यात नव्हता. हरकतीचे कलम 5-अ त्यात 1923 साली आले. सेनापती बापट आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले, धरण झाले.

स्वातंत्र्यानंतर सरकार आपले झाले, कायदा तोच राहिला. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो 1976 मध्ये झाला आणि असा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर होता. पण ज्यांनी आधी गाव सोडले, त्यांच्या नातवंडांना आजही पर्यायी जमिनीसाठी मोर्चे काढावे लागतात. दरम्यान 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला आणि अनुच्छेद 300-अ मध्ये जाऊन बसला.

नवी मुंबईसाठी सिडकोने ठाणे आणि रायगडमधल्या 95 गावांची जमीन घ्यायला सुरुवात केली. तिथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांचा लढा दि. बा. पाटील यांनी उभा केला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत. आपल्या भातखाचरावर उभ्या राहणाऱ्या शहरात आपलाही वाटा असला पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्राला उरण-पनवेलने शिकवले. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी हा वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला.

2013 चा कायदा

सिंगूर, नंदीग्राम, नर्मदा, रायगडचे सेझ अशा लढ्यांच्या रेट्याने संसदेने 1894 चा कायदा रद्द केला. 1 जानेवारी 2014 पासून नवा कायदा लागू झाला. त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा, खेड्यातल्या एका एकराचा बाजारभाव 10 लाख रुपये निघाला. त्याला जास्तीत जास्त 2 चा गुणांक लागला की 20 लाख होतात. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळाली की 40 लाख. जुन्या कायद्यात ही दिलासा रक्कम 30 टक्के होती, 1984 पूर्वी तर 15 टक्केच.

पण या कायद्याचे खरे मोल पैशात नव्हते. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सरकार-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के संमती त्याने बंधनकारक केली. निव्वळ सरकारी प्रकल्पाला संमतीची अट नाही, पण त्याआधीही सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आणि जनसुनावणी ठेवली. बहुपीक बागायती जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असे सांगितले. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक ठरवली.

मागच्या दाराने

कायद्याला वर्ष होते न होते तोच, 31 डिसेंबर 2014 रोजी, या अटी सैल करणारा केंद्राचा अध्यादेश आला. देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट 2015 अखेर तो मुदत संपून बारगळला. मग तेच काम राज्यांनी केले. महाराष्ट्राने 2018 च्या दुरुस्तीने पायाभूत सुविधा, औद्योगिक क्षेत्रे अशा प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट देण्याची सोय केली. राष्ट्रीय महामार्ग कायद्याला मूळ कायद्याने आधीच बाजूला ठेवले होते. मोबदला नव्या दराने, प्रक्रिया जुनीच. 2013 च्या कायद्यात हरकतीसाठी 60 दिवस आहेत, राष्ट्रीय महामार्ग कायद्यात 21. तीन आठवड्यांत गट नंबर शोधायचा, उतारे काढायचे, मुंबई-पुण्याच्या भावांना बोलवायचे आणि अर्ज द्यायचा.

समृद्धी महामार्गाने तिसरी रीत रूढ केली ती थेट खरेदीची. 701 किलोमीटर, 10 जिल्हे आणि बाजारभावाच्या पाचपट दर. सिन्नर, शहापूर भागात सुरुवातीला कडवा विरोध होता, दर कळल्यावर बहुतेकांनी खरेदीखते करून दिली. चांगला भाव मिळाला हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या सौद्यात नाही म्हटले तर सक्तीचे संपादन समोर उभे असते, त्याला मोकळी संमती म्हणता येत नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर, सांगलीतून झालेला विरोध याच मुळावर बोट ठेवतो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस आणि द्राक्ष पिकवणारा शेतकरी भावाची घासाघीस करत नाही, तो रस्त्याची गरजच विचारतो. आणि या प्रश्नाला उत्तर देण्याची जागा होती ती सामाजिक परिणामांची सुनावणीच आपण काढून टाकली आहे.

थेट खरेदीत आणखी एक माणूस हरवतो. त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. शेतमजूर, वाटेकरी, पडीक रानात मेंढरे चारणारा धनगर, हक्कसोड करून दिलेली बहीण. जमिनीवर तीन वर्षे ज्याचे पोट आहे, तो मजूरही बाधित कुटुंबात मोजावा, असे 2013 चा कायदा सांगतो. खरेदीखतावर मात्र फक्त मालकाची सही लागते. मालकाच्या खात्यात पाचपट जमा होते आणि मजुराचा हंगाम जातो, त्याची नोंद कुठेच होत नाही.

विचारून पाहिले तेव्हा

विचारले तर विकास अडेल, ही भीती सर्रास घातली जाते. पेण तालुक्यात 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शेतकऱ्यांचे मत प्रशासनाने स्वतः घेतले. महामुंबई सेझला जमीन द्यायची का, एवढाच प्रश्न होता. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांनी उभ्या केलेल्या लढ्याचे ते फळ. शेतकऱ्यांचा कौल विरोधात होता आणि पुढे ते संपादन मुदतीत पूर्ण न होता संपले. त्याने रायगडचा विकास थांबला, असे कोणी म्हणू शकणार नाही. दुसरीकडे हडपसरजवळ सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली 400 एकरांवर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि मगरपट्टा सिटी उभारली. तिथे शहर झाले आणि शेतकरी भागधारकही राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात अनुच्छेद 300-अ चा अर्थ उलगडून सांगितला. नोटीस, म्हणणे ऐकून घेणे, सकारण निर्णय, खरे सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, वेळेत आणि पूर्णत्वाला नेलेली प्रक्रिया असे सात पैलू त्यात आहेत. त्यातला मोबदला पाचवा आहे. त्याआधीचे चार सगळे विचारण्याशी आणि कारण सांगण्याशी जोडलेले आहेत.

महाराष्ट्राने हा क्रम पाळावा. सामाजिक परिणाम मूल्यांकनातल्या सवलती रद्द कराव्यात. प्रकल्पाचा अहवाल आणि पर्यायी मार्गांचे नकाशे मराठीत ग्रामपंचायतीत लावावेत, ग्रामसभेचा ठराव मोजणीच्या आधी व्हावा आणि मजुरांची यादी मालकांच्या यादीबरोबरच तयार व्हावी. रस्ते, धरणे, विमानतळ लागणारच आहेत. ज्याच्या जमिनीवर ते उभे राहतात, त्याला आधी कारण सांगण्याइतके आणि त्याचे उत्तर ऐकण्याइतके बळ लोकशाही सरकारात असलेच पाहिजे.